चपळ कुत्र्याची तसबीर



कुत्र्याचें छायाचित्र काढावयाचें म्हणजे आधीं त्यास निश्चल बसविलें पाहिजे, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. हा समज एके काळीं माझाही होता, आणि त्यापायीं एका गुणी कुत्र्याची तसबीर मीं बहुतेक गमावलीच होती. ज्यांच्या घरीं चपळ, खोडकर, घटकाभरही एके ठिकाणीं न ठरणारा कुत्रा आहे, आणि ज्यांच्या मोबाइलमध्यें त्याचीं शेंकडों चित्रें असूनही त्यांतील एकही पाहून "हा आमचाच" असें म्हणतां येत नाहीं, त्यांच्याकरितां आजचे हे चार शब्द आहेत.

आमच्याकडे मोती नांवाचा कुत्रा होता. सन १९७९ च्या पावसाळ्यांत माझ्या आईनें पंचवटींतील एका बोळांतून तें भिजलेलें पिलूं पदराखालीं झांकून घरीं आणिलें. रंग पांढरा, एक कान तेवढा तांबूस. मोठा झाल्यावर तो कधीं चालत असल्याचें मला आठवत नाहीं. तो धांवत तरी असे, किंवा झोंपलेला तरी असे. सन १९८४ मध्यें माझ्या मनांत आलें कीं, घरांतील सर्वांच्या तसबिरी भिंतीवर आहेत, मग यानेंच काय पाप केलें? म्हणून एके दिवशीं त्याच्या गळ्यांत दोर बांधून मीं त्यास एका छायाचित्रकाराच्या दुकानीं नेलें. तेथें मला पडद्याबाहेर उभें राहण्यास सांगण्यांत आलें. मोतीस एका उंच चौरंगावर चढविलें, दोन प्रखर दिवे त्याच्या तोंडासमोर लावले, आणि त्यानें इकडे पाहावें म्हणून मोठ्यानें टाळी वाजविली. चित्र अत्यंत स्पष्ट आलें. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतकें स्पष्ट! मीं तें मोठ्या ऐटीनें आईपुढें ठेविलें. तिनें चष्मा लावून तें निरखून पाहिलें आणि विचारलें, "हा कोणाचा रे कुत्रा?"

तिचा प्रश्न खोटा नव्हता. चित्रांतील कुत्र्याचे कान डोक्यास चिकटलेले होते, डोळ्यांच्या कडेस पांढरी कोर दिसत होती, जीभ नाकावरून फिरतां फिरतां अर्ध्यावर थांबली होती, आणि मान दोराच्या विरुद्ध दिशेस ताठली होती. पुढें या विषयावर कांहीं वाचलें, कांहीं अनुभवानें कळलें, तेव्हां ध्यानांत आलें कीं, हीं सर्व भयाचीं लक्षणें होत. खाणें पुढें नसतां ओठ चाटणें, झोंप आली नसतां जांभई देणें, तोंड फिरवून दुसरीकडे पाहणें, हीं लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे कुत्रा आपल्या भाषेंत "आतां पुरे करा" असें सांगत असतो. अशा वेळीं कॅमेरा खालीं ठेवावा. तें चित्र कितीही रेखीव आलें तरी घरच्या माणसांस पाहवत नाहीं.

"हलूं नका" ही आज्ञा आली तरी कोठून? तिचा उगम छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंत आहे. सन १८३८ मध्यें लुई दागेर यानें पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचें चित्र घेतलें. पत्र्यावर चित्र उमटावयास त्या वेळीं कित्येक मिनिटें लागत. त्यामुळें रस्त्यावरील गाड्या, घोडे, माणसें, सारीं चालतीं बोलतीं असल्यानें चित्रांतून नाहींशीं झालीं. उरला तो एका पायाचे जोडे पुसून घेण्याकरितां थांबलेला एक मनुष्य! तेव्हां जो हलेल तो पुसला जाईल, हा नियम त्या काळीं खराच होता. परंतु सन १८७८ मध्यें एडवर्ड मायब्रिज यानें अमेरिकेंत भरधांव घोड्याचीं चित्रें एकामागून एक टिपलीं, आणि पुढें सन १८८७ च्या त्याच्या प्रचंड चित्रसंग्रहांत धांवते कुत्रेही आले. आज तर खिशांतील मोबाइलही भरपूर उजेडांत सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र घेतो. गरज केव्हांच सरली; आज्ञा मात्र आपल्या जिभेवर राहून गेली आहे. शाळेंत मीं अनेक वर्षें काढलीं. दरवर्षीं वर्गाचा फोटो निघे, आणि "हलूं नका" म्हणतांच चाळीस मुलांचे चाळीस पुतळे होत. एखादें व्रात्य कार्टें नेमकें त्याच क्षणीं शेजाऱ्याकडे वळून हंसे. त्याचा चेहरा किंचित् पुसट येई. आणि आज इतक्या वर्षांनीं तो फोटो हातीं घेतला तर पहिली ओळख पटते ती त्याचीच.

आतां आमच्या घरीं खंड्या आहे. थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचें नांव खंड्या होतें व त्याची समाधि साताऱ्याजवळ संगम माहुलीस आहे, हें मीं नातीस सांगितलें होतें. तिनें लगेच तें नांव उचललें. आमचा खंड्या गांवठी, काळाभोर, छातीवर पांढरा टिळा, वय तीन वर्षें. आणि चपळाई अशी कीं, पाहुण्यांच्या चपलांचा जोड दारांत पूर्ण राहील तर शपथ! पहिलें वर्षभर मीं त्याचीं जीं चित्रें घेतलीं त्यांत एक काळा डाग आणि त्यामागें आमची पांढरी भिंत, यांवांचून कांहीं नसे. दोष कुत्र्याचा नव्हता, भिंतीचा होता. कॅमेरा समोरील सर्व उजेड एकवट मोजतो. पांढरी भिंत पाहून त्यास वाटतें कीं, फारच लखलखाट आहे, आणि तो उजेड कमी करतो; मग काळ्या कुत्र्याचे डोळे, भुंवया, नाक सारें काळोखांत बुडतें. याउलट काळा कुत्रा चित्रभर व्यापून राहिला तर कॅमेऱ्यास वाटतें कीं, अंधार आहे. तो उजेड वाढवितो आणि काळा कुत्रा राखेच्या रंगाचा होतो. तेव्हां काळ्या कुत्र्यामागें मध्यम रंगाचें कांहीं असावें. मेंदीचें कुंपण, मातीची भिंत, जुनें लांकडी दार. आणि मोबाइलच्या पडद्यावर कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवून उजेड कमीअधिक करण्याची सोय असते, ती वापरावी. मोतीसारख्या पांढऱ्या कुत्र्यास दुपारच्या उन्हांत मुळींच बसवूं नये. त्याच्या अंगाचा नुसता चुना होतो.

उजेडासंबंधीं आणखी एक गोष्ट सांगतों, कारण निम्मी तसबीर उजेडाचीच असते. नाशिकांत थंडीच्या दिवसांत सकाळीं आठ साडेआठच्या सुमारास ऊन तिरपें, कोवळें असतें. तेव्हां कुत्र्यास थेट उन्हांत न बसवितां ओसरीच्या कडेस, छपराच्या सावलींत, पण उघड्या आकाशाकडे तोंड करून येऊं द्यावें. म्हणजे उजेड सारखा पसरतो, आणि डोळ्याच्या बुबुळांत आकाशाचा एक लहानसा ठिपका उमटतो. तो ठिपका नसेल तर डोळा विझलेला दिसतो. रात्रीं दिव्याचा झोत सोडून चित्र घेण्याच्या भरीस मात्र पडूं नये. कुत्र्याच्या डोळ्यांत मागील पडद्याआड एक चकाकता थर असतो. अंधारांत दिसावें म्हणून निसर्गानें दिलेली ती सोय आहे. झोत त्यावर आपटून परत येतो आणि घरचा कुत्रा हिरव्या डोळ्यांचें भूत होऊन बसतो.

यंत्राचें बोलणें थोडक्यांत आटोपतों. बसलेल्या परंतु चुळबुळ्या कुत्र्यास सेकंदाचा १/२५० भाग पुरे. धांवत्यास १/५०० पासून १/१००० पर्यंत हवा. मोबाइलांत ही निवड हातीं नसली तरी भरपूर उजेड दिला कीं, यंत्र आपण होऊनच घाई करतें. एकाच दाबांत अनेक चित्रें सलग घेण्याची सोय असते, ती वापरण्यांत कमीपणा मानूं नये. दहांतील नऊ पुसून टाकावीं. नेम नेहमीं डोळ्यांवर धरावा. भिंग नाकाशीं नेऊं नये. लांब तोंडाच्या कुत्र्याचें नाक तेवढें भोपळ्याएवढें येतें आणि कान मागें राहतात. चार पावलें दूर सरून दृश्य जवळ आणणारें भिंग वापरावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे खालीं बसावें, प्रसंगीं पालथें पडावें. उभ्यानें घेतलेल्या चित्रांत डोकें मोठें, पाय तोकडे, आणि नजर अजिजीची दिसते. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आपला डोळा गेला म्हणजे त्याचा ऐटबाज आकार कळतो. माझ्या वयांत पालथें पडणें सोपें आहे; उठणें कठीण. तेवढ्यासाठीं घरांत नात असावी.

परंतु हें सर्व करूनही चित्र फसतें, कारण कुत्र्याच्या मनांत या यंत्राविषयीं खोल संशय असतो. कुत्र्याच्या जातींत अनोळखी प्राण्यानें टक लावून पाहणें म्हणजे भांडणाचें आमंत्रण. आणि कॅमेऱ्याचें भिंग म्हणजे पापणी न लवविणारा एक मोठा डोळा. तो डोळा एकाएकीं तोंडासमोर आला म्हणजे धीट कुत्राही मान फिरवितो. यास्तव मीं पहिले चारपांच दिवस कॅमेरा नुसता ओसरीवर ठेवून दिला. खंड्यानें तो हुंगला, चाटला, एकदां त्यावर पंजाही ठेविला. नंतर तो हातांत घेऊन मी फिरूं लागलों; चित्र मात्र घेतलें नाहीं. आठवड्यानें त्यास त्या वस्तूचा कंटाळा आला. आपल्याला हवा असतो तो हाच कंटाळा.

चित्र घेण्यापूर्वीं त्यास चांगलें फिरवून आणावें, परंतु परत येतांच कॅमेरा उचलूं नये. धापेनें जीभ हातभर बाहेर आलेली असते. पाणी पाजून पंधरा वीस मिनिटें जाऊं द्यावीं. अंगांतील वारा उतरतो, डोळ्यांतील उतरत नाहीं. वैशाखांत हें सारें सूर्योदयाच्या आंत उरकावें. फटाक्यांच्या दिवसांत तर कुत्र्यास नवी झूल घालून ओट्यावर उभें करण्याचा आग्रह धरणें हा निव्वळ निर्दयपणा होय. गवतावर चेंडू दाखवावयाचा असेल तर निळा घ्यावा. तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद कुत्र्यास कळत नाहीं. आपला लाल चेंडू त्यास हिरवळींत सांपडतच नाहीं, आणि आपण म्हणतों, कुत्र्याचें लक्ष नाहीं!

खाण्याची लालूच दाखविणें योग्यच आहे. भाकरीचा तुकडा भिंगाच्या किंचित् वर धरला कीं मान आपोआप उंचावते. परंतु आपण नाशिककरांनीं येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. आपल्या जिल्ह्याचें वैभव दोन पिकांत आहे: द्राक्षें आणि लासलगांवचा कांदा. दोन्ही कुत्र्यास अपायकारक! द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात. किती द्राक्षांनीं होतील याचा नेम नाहीं, कोणास थोडींही बाधतात. कांद्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. अलीकडे मंडळी हौसेनें द्राक्षांच्या मळ्यांत कुत्रा नेऊन वेलींखालीं त्याचीं चित्रें घेतात. दृश्य सुंदर येतें यांत शंका नाहीं. परंतु गळलेले मणी हुंगत फिरणाऱ्या कुत्र्यावर एका माणसाची नजर सतत असावी, आणि पोटांत द्राक्षें गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्याकडे धांव घ्यावी. घरांत कांदा घातलेला थालीपिठाचा तुकडाही लालूच म्हणून देऊं नये.

खाण्यापेक्षांही आवाजाची युक्ति सरस आहे. माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंत. म्हणून टाळी, आरोळी यांची कांहीं गरज नाहीं. किल्ल्यांचा जुडगा खिशांतल्या खिशांत हालवावा, वाळलें पान चुरगाळावें, जिभेनें हलकाच आवाज काढावा. नवा आवाज ऐकतांच कान टंवकारतात, मान एका बाजूस कलते, भुंवईवरील कातडीस एक आठी पडते. हा खेळ दोनदां चालतो. तिसऱ्यांदां त्यास लबाडी कळते. तेव्हां बोट आधींच कळीवर असावें.

ही कललेली मान आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा ज्यांनीं पाहिला नाहीं, असे माझ्या वयाचे लोक थोडे. तो खराखुरा कुत्रा होता. नांव निपर; इंग्लंडांतील फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराच्या भावाचा तो कुत्रा. भाऊ वारल्यावर तो चित्रकाराकडे आला. निपर सन १८९५ मध्यें मेला, आणि त्यानंतर सुमारें तीन वर्षांनीं बॅरोनें तें चित्र रंगविलें. प्रथम त्यांत जुन्या पद्धतीचा फोनोग्राफ होता; सन १८९९ मध्यें ग्रामोफोन कंपनीनें चित्र विकत घेतांना तो पुसून आपलें यंत्र काढून घेतलें, आणि चित्र व त्याचे हक्क मिळून १०० पौंड दिले. "हिज मास्टर्स व्हॉइस", धन्याचा आवाज, हें त्या चित्राचें नांव. त्यांत धनी कोठेंच नाहीं. परंतु कुत्र्याच्या मानेकडे पाहतांच तो ज्यास ऐकतो आहे तो कोणीतरी आपला आहे, हें शेंबड्या पोरासही कळतें.

येथें मला माझ्या चुकीचें मूळ सांपडलें. त्या दुकानांत मोतीचें माणूस पडद्याबाहेर उभें होतें. समोर होती ती परक्याची टाळी. कुत्र्याचा चेहरा हा स्वतःपुरता नसतो. समोर कोण आहे यावर तो ठरतो. आपल्या घरोघर दत्ताची तसबीर असते. तींतील चार श्वान चार वेद म्हणून मानिले जातात. चित्रकार वेगवेगळे असले तरी बहुधा त्यांतील एखादा तरी श्वान तोंड वर करून दत्ताकडे पाहत असतो, आणि तोच खरा वाटतो.

आपल्या जिल्ह्यांतील थोर छायाचित्रकार म्हणजे दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वर, सन १८७०. देहावसान नाशिक, सन १९४४. चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं त्यांनीं गोधरा येथें छायाचित्रांचा धंदा केला होता. त्यांचा सन १९१९ चा "कालिया मर्दन" हा मूकपट उपलब्ध आहे. त्याच्या आरंभीं त्यांची कन्या मंदाकिनी, वय अवघें सात वर्षांच्या आसपास, पडद्यावर येते. एकामागून एक निरनिराळे भाव तिच्या मुद्रेवर उमटतात, आणि मग तीच बाळकृष्ण होते. इतक्या लहान, चंचल मुलीची मुद्रा यंत्रापुढें इतकी मोकळी कशी राहिली, याचें मला फार दिवस नवल वाटे. यंत्रापलीकडे तिचे वडील होते, हेंच त्याचें कारण असावें, असें मला आतां वाटतें.

तेव्हां माझी सूचना एवढीच कीं, कुत्र्याचा ज्याच्यावर सर्वांत अधिक जीव असेल त्या माणसानें कॅमेरा धरावा. तें जमत नसेल तर त्यानें कॅमेरा धरणाराच्या खांद्याशीं उभें राहावें. कुत्र्यास बोलावूं नये, नुसतें असावें.

मोतीचें एक दुसरें चित्र माझ्याजवळ आहे. सन १९८६ मधील. मजजवळ त्या वेळीं क्लिक थ्री जातीचा साधा कॅमेरा होता. एका रिळांत बारा चित्रें निघत, आणि धांवत्या कुत्र्यापुढें त्याचा निभाव लागत नसे. अकरा चित्रें फुकट गेलीं होतीं. मी अंगणांत उकिडवा बसलेला, मोती उंबऱ्यावर येऊन क्षणभर टेकला, आणि मीं बारावें चित्र घेतलें. त्यांत त्याचा तांबूस कान उभा आहे, तोंड अर्धवट उघडें आहे, एक पुढचा पाय जमिनीवरून नुकताच उचललेला असल्यानें जरासा पुसट आहे. नजर माझ्याकडे नाहीं. माझ्या डाव्या खांद्यावरून मागें आहे. मागें काय होतें हें मला तेव्हां ठाऊक होतें, म्हणून मीं त्याचा विचार केला नाहीं. तुळशीपाशीं आई उभी होती. तिच्या हातीं भाकरीचा तुकडा होता, आणि नेहमींप्रमाणें ती त्यास शिव्या घालीत होती.

आई सन १९८९ मध्यें गेली, मोती सन १९९१ मध्यें. आईचीं चित्रें आमच्याकडे जवळजवळ नाहींतच. कॅमेरा दिसला कीं ती पदर ओढून घेई आणि म्हणे, "माझा कसला फोटो काढतोस? ज्यानें हौस केली त्याचा काढ." लग्नसमारंभांतील दोन चित्रांत ती आहे, परंतु तींही त्या दुकानांतील मोतीसारखींच.

गेल्या मार्गशीर्षांत नातीनें कपाट आंवरतांना तें चित्र काढलें आणि मला विचारलें, "आबा, हा कोणाकडे पाहतो आहे?"

मीं तिला अंगणांत नेलें. तुळशीवृंदावन आहे तेथेंच आहे. आपण कोठें बसलों होतों, आणि पणजी कोठें उभी होती, तें तिला दाखविलें. तिनें चित्र हातांत धरून उंबऱ्याकडे पाहिलें, मग तुळशीकडे पाहिलें. मग आंत जाऊन तिनें मोबाइल आणून माझ्या हातीं दिला, खंड्यास उंबऱ्यावर सोडलें, आणि स्वतः माझ्या मागें, डाव्या अंगास, दोन पावलांवर जाऊन उभी राहिली.